वेगळी लोंबी दिसली तर : सर्जनशीलता अंगी बाणवू पाहणाऱ्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावी दादाजी रामाजी खोब्रागडे नावाचे कास्तकार राहत असत. शाळा तिसरीपर्यंत झालेली आणि जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ साली ‘पटेल ३’ या वाणाच्या धानात त्यांना तीन लोंब्या इतरांहून निराळ्या, पिवळसर रंगाच्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, दाणे पिशवीत जपून ठेवले, पुढच्या हंगामात ते स्वतंत्र पेरले, आलेल्या पिकातून पुन्हा बियाणे निवडले आणि हे काम वर्षानुवर्षे चालू ठेवले. त्यातून जो बारीक दाण्याचा तांदूळ तयार झाला, त्याला एका व्यापाऱ्याने त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव दिले, आणि ‘एचएमटी’ या नावाने तो विदर्भाबाहेरही पोहोचला.

ज्यांना स्वतःमध्ये सर्जनशीलता वाढवायची आहे, त्यांनी या हकिकतीतला एकेक टप्पा सावकाश पाहावा. खोब्रागडे यांनी पाहिले, वेगळेपण ओळखले, ते इतर धानात मिसळू दिले नाही, थोड्या जागेत करून पाहिले आणि पडताळत राहिले. यातला कोणताही टप्पा शिकता न येण्यासारखा नाही. माझे ठाम मत असे आहे की सर्जनशीलतेची सुरुवात कल्पनेपासून होत नाही, ती लक्षपूर्वक पाहण्यापासून होते. आणि बहुतेक नवशिके इथेच चुकतात, कारण काहीतरी अद्भुत सुचेल म्हणून ते वाट पाहत बसतात आणि समोर जे घडते आहे त्याकडे त्यांचे लक्षच नसते.

आधी अर्थ निश्चित करावा

या विषयाचे अभ्यासक साधारणपणे दोन अटी सांगतात : जे केले ते नवे असावे आणि ते कामाचे, प्रसंगाला साजेसे असावे. नुसते विचित्र असलेले सर्जनशील ठरत नाही आणि नुसते उपयोगी असलेलेही ठरत नाही. कामाचे म्हणजे पैसा देणारेच असले पाहिजे असे नाही. दंडार या लोकनाट्यातील एखादी नवी चाल प्रेक्षकांना खिळवून ठेवत असेल, तर तिने आपले काम केले.

नवे कोणासाठी, हा पुढचा प्रश्न आहे. जगात आजवर कोणीही न केलेली गोष्ट ही एक पातळी झाली, आणि करणाऱ्याने स्वतः, कोणाचे न पाहता, प्रथमच शोधलेली गोष्ट ही दुसरी. एखाद्या मुलीने वाळवण राखण्यासाठी स्वतःच्या बुद्धीने एक युक्ती काढली आणि नंतर कळले की शेजारच्या तालुक्यात ती आधीपासून चालते, तरी त्या मुलीच्या मनात घडलेली क्रिया खरीच होती. नवशिक्याने या दुसऱ्या पातळीवर समाधानाने सराव करावा. पहिली पातळी गाठली जाईल की नाही हे आधीच ठरवता येत नाही, परंतु दुसरीचा सराव नसताना पहिली गाठणे फार अवघड आहे.

पहिली पायरी : पाहण्याची वही

शंभर पानांची एक साधी वही घ्यावी आणि रोज तीच एक गोष्ट पाहून तीन ओळी लिहाव्यात. ‘तीच एक गोष्ट’ हे महत्त्वाचे आहे. आज पऱ्हाटी (कपाशी), उद्या बाजार, परवा आभाळ असे फिरत राहिल्यास काहीच हाती लागत नाही, कारण वेगळेपण ओळखण्यासाठी नेहमीचे रूप आधी पाठ व्हावे लागते. खोब्रागडे यांना तीन लोंब्या वेगळ्या वाटल्या, कारण बाकीच्या लोंब्या कशा असतात हे त्यांच्या डोळ्यांना पक्के माहीत होते. म्हणून आपल्या रोजच्या कामातील एक गोष्ट निवडावी : वावरातील पिकाची एक ओळ, चुलीची आच, गोठ्यातील एक गाय, शाळेतील एक वर्ग, आठवडी बाजारातील एक दुकान.

लिहिताना मत लिहू नये, दिसले ते लिहावे. ‘तूर बरी आहे’ हे मत झाले. ‘धुऱ्यालगतच्या तुरीला आतल्या तुरीपेक्षा आधी फुले आली’ हे निरीक्षण झाले, आणि त्यातच पुढचा प्रश्न दडलेला आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी घरातील मुलाला सांगून लिहून घ्यावे किंवा मोबाइलवर बोलून ठेवावे. पंधरा-वीस दिवसांनी मागची पाने वाचावीत आणि जिथे ‘हे नेहमीसारखे नाही’ असे वाटले असेल तिथे खूण करावी. त्या खुणा हेच पुढील कामाचे बियाणे आहे.

दुसरी पायरी : प्रश्न फिरवून मांडणे

माझ्या मते सगळ्या पायऱ्यांमध्ये ही सर्वांत मोलाची आहे, आणि सर्वांत कमी लोक तिच्यावर थांबतात. अडचण समोर आली की आपण लगेच उपायाकडे धावतो. परंतु उपाय कोणत्या दिशेचा निघेल हे प्रश्न कसा विचारला यावरच ठरते.

विदर्भातल्या जवळपास प्रत्येक गावाला ठाऊक असलेले दुखणे घेऊ. रात्री रानडुकरे आणि रोही (नीलगायी) वावरात शिरतात, उभे पीक लोळवतात, आणि कास्तकाराला थंडीत जागलीवर जावे लागते. ‘डुकरांना आत येऊ कसे द्यायचे नाही?’ असा प्रश्न विचारला तर उत्तर कुंपणाकडेच जाते : काट्यांचे, तारेचे, जुन्या साड्यांचे किंवा सौर झटका यंत्राचे. (येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे : खांबावरील विजेचा प्रवाह थेट तारेत सोडणे हा गुन्हा आहे, आणि त्याने माणसे, गुरे व जंगली प्राणी मरतात. तो उपाय कोणत्याही यादीत नसावा.) आता तोच प्रश्न ‘माणसाला झोप मिळून वावर कसे राखले जाईल?’ असा विचारला, तर वाऱ्याने वाजणारा डबा, आपोआप लागणारा दिवा, जनावर शिरताच घरी इशारा देणारी साधी घंटी असे मार्ग दिसू लागतात. ‘दहा वावरांची राखण एकत्र कशी करता येईल?’ असे विचारले, तर पाळ्या लावणे, सामाईक कुंपण घालणे, खर्च वाटून घेणे या गोष्टी पुढे येतात. ‘डुकराला आत येणेच नकोसे कसे वाटेल?’ असे विचारले, तर धुऱ्यालगत काटेरी करडईचे दाट पट्टे पेरण्याचा, काही भागांत वापरात असलेला उपाय आठवतो.

अडचण एकच, परंतु चार प्रश्नांनी चार वेगळ्या वाटा उघडल्या. म्हणून नवशिक्याने नियम करावा की अडचण कितीही छोटी असो, उपाय शोधण्याआधी तिचा प्रश्न किमान पाच प्रकारे लिहायचा. प्रश्न फिरवण्यासाठी कर्ता बदलावा, वेळ बदलावी, जागा बदलावी, किंवा ‘हे मुळात करावेच का लागते?’ असे विचारावे.

या पायरीचे विदर्भातील एक फार सुंदर उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने लहान बाळांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू थांबवण्याचे काम गावागावांत सुरू केले. न्यूमोनिया ओळखण्याची एक सोपी खूण म्हणजे बाळाच्या श्वासाचा वेग : दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक आणि त्यापुढे एक वर्षापर्यंतच्या बाळाचे ५० किंवा अधिक असतील, तर धोका समजावा. परंतु बाळांजवळ असणाऱ्या गावातील सुईणींना इतकी मोठी संख्या न चुकता मोजणे कठीण जात असे. ‘सुईणींना मोजायला कसे शिकवावे?’ असा प्रश्न धरून बसले असते, तर उत्तर प्रौढ शिक्षणाच्या वर्गात सापडले असते आणि तोवर बाळे गेली असती. प्रश्न असा फिरवला गेला की मोठी संख्या न मोजता वेग कसा कळेल? त्यातून मण्यांचे आणि एका मिनिटाच्या वाळूच्या घड्याळाचे साधन तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा; मिनिट संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली की बाळ आजारी आहे. ज्या स्त्रीला दहापर्यंत मोजता येते, तिच्या हातात निदान आले. साधनांची उणीव आहे म्हणून नवे काही करता येत नाही असे वाटणाऱ्या प्रत्येकाने हे मणी आठवावेत.

तिसरी पायरी : पुष्कळ उत्तरे काढणे

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० च्या सुमारास सर्जनशीलतेच्या अभ्यासाला मोठी चालना दिली. एकाच बरोबर उत्तराकडे जाणारा विचार आणि एका प्रश्नापासून अनेक दिशांना फुटणारा विचार, असा भेद त्यांनी केला. आपल्या शाळांत पहिल्या प्रकाराचा भरपूर सराव होतो आणि दुसऱ्याचा जवळजवळ होत नाही, म्हणून तो घरी करावा लागतो.

सराव असा : तुराटीची पेंढी, फाटके पोते, सायकलचे जुने टायर, तेलाचा रिकामा डबा यांपैकी एक वस्तू घ्यावी आणि दहा मिनिटांत तिचे जितके उपयोग सुचतील तितके लिहावेत. पहिले सहा-सात उपयोग सर्वांनाच ठाऊक असलेले निघतील. नंतर हात थांबेल, आणि आता काही उरले नाही असे वाटेल. तेथे उठू नये. अशा प्रयोगांत वारंवार असे दिसले आहे की दुर्मीळ कल्पना यादीच्या उत्तरार्धात येतात. जे सर्वांच्या ओठावर असते ते आधी सांडते आणि वेगळे नंतर निघते. यादी करताना चांगले-वाईट ठरवू नये, कारण निवड आणि निर्मिती एकाच वेळी करू गेल्यास दोन्ही अडखळतात. निवड दुसऱ्या दिवशी करावी.

चौथी पायरी : जुने नीट शिकणे

नवे करायचे म्हणून जुने शिकायचे नाही, हा समज अनेक हुशार तरुणांचे नुकसान करतो. गाडगे महाराजांनी कीर्तन हा शतकानुशतके चालत आलेला प्रकारच स्वीकारला. परंतु त्यांनी श्रोत्यांना त्यांच्याच वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारले, उत्तरे वदवून घेतली आणि स्वच्छता, शिक्षण, कर्ज, व्यसन हे विषय त्यात आणले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या हातातील खंजिरी हे भजनातील साधे वाद्य होते. त्यांनी तिच्या तालावर ग्रामसुधारणेचा विचार गावोगाव पोहोचवला. दोघांनीही प्रकार पूर्ण आत्मसात केला आणि मग त्यातील एखाद-दुसरी गोष्ट बदलली.

झाडीपट्टीच्या रंगभूमीवर हीच रीत आजही दिसते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत दिवाळीनंतर रात्रभर चालणारी नाटके होतात, आणि देसाईगंज म्हणजे वडसा हे या व्यवसायाचे मोठे केंद्र आहे. नवा मुलगा तेथे पडदा ओढण्यापासून, दोन वाक्यांच्या भूमिकेपासून सुरुवात करतो, अनुभवी नटांचे बोलणे ऐकून ऐकून घोटतो आणि मग स्वतःची लकब शोधतो. याच पट्ट्यातील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

नवशिक्याने आपल्या क्षेत्रातील एक जाणकार निवडून, तो जसे करतो तसेच तंतोतंत करून पाहावे. गावातील सुताराकडून बंडीचे चाक, आजीकडून सरगुंडे हा वैदर्भी पदार्थ, भजनी मंडळातील काकांकडून एखादी चाल. तंतोतंत करताना जिथे आपला हात आपोआप वेगळा वळतो, ती जागा वहीत टिपून ठेवावी.

पाचवी पायरी : काम बाजूला ठेवणे

ग्रॅहम वॉलस या इंग्रज अभ्यासकाने १९२६ साली नव्या विचाराच्या चार अवस्था सांगितल्या : तयारी, उबवण, अकस्मात उलगडा आणि पडताळणी. त्यांतील उबवणीची अवस्था म्हणजे प्रश्नावर भरपूर डोके लावून झाल्यावर तो काही काळ सोडून देणे. आधी डोके लावलेले असले तरच याचा उपयोग होतो. निंदण, ढोरे चारणे, कापूस वेचणे, दूरवर पायी जाणे ही कामे यासाठी उत्तम आहेत, कारण हात गुंतलेले असतात आणि मन मोकळे असते. मात्र त्या वेळात कानात गाणी किंवा हातात मोबाइल असेल, तर मन मोकळे राहत नाही. जे सुचेल ते लगेच टिपण्यासाठी खिशात कागदाचा तुकडा असावा. संध्याकाळपर्यंत लक्षात राहील या भरवशावर राहू नये.

सहावी पायरी : इतरांबरोबर विचार, पण क्रम पाळून

चार लोक एकत्र बसले की जास्त सुचते, असे सर्वांना वाटते. प्रत्यक्षात, वेगवेगळे बसून काढलेल्या कल्पना एकत्र केल्या तर त्यांची संख्या एकत्र बसून काढलेल्या कल्पनांपेक्षा जास्त भरते, असे १९५८ सालापासून अनेक प्रयोगांत आढळले आहे. कारण समजण्यासारखे आहे : एक बोलतो तेव्हा बाकीचे थांबतात, आणि हसे होईल या भीतीने काही जण बोलतच नाहीत. आपल्याकडे यात आणखी भर पडते. पारावर वडीलधारे बोलू लागले की तरुण गप्प होतात, आणि सासरे किंवा जेठ बसलेले असताना सून आपली कल्पना मांडत नाही. त्यामुळे बचतगटात किंवा तरुण मंडळात आधी प्रत्येकाने एकट्याने चिठ्ठीवर लिहावे, चिठ्ठ्या नाव न घेता वाचाव्यात आणि मगच चर्चा करावी.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने या बाबतीत जी व्यवस्था लावली ती प्रत्येक गावाने अभ्यासावी अशी आहे. तेथे ग्रामसभा सर्वांच्या सहमतीने निर्णय घेते, आणि तिच्या जोडीला अभ्यास गट असतात. अभ्यास गटात विषयाची माहिती घेतली जाते, शंका विचारल्या जातात, बाहेरच्या जाणत्यांना बोलावले जाते. मात्र निर्णय तेथे होत नाही. ज्या बैठकीत निर्णय व्हायचा नसतो, तेथे माणूस अर्धवट, कच्चा विचारही निर्भयपणे बोलू शकतो. याच गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले, आणि तशी मागणी करणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते.

सातवी पायरी : लहान प्रयोग

सुचलेले करून पाहिल्याशिवाय ते खरे नव्हे. परंतु कोरडवाहू कापूस-सोयाबीनच्या भागात, जिथे एका हंगामाचे नुकसान घर मोडू शकते, तिथे ‘धाडस करा’ असा सल्ला देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. प्रयोग इतका लहान ठेवावा की तो पूर्ण फसला तरी घरातील कोणाच्याही ताटातली भाकर कमी होणार नाही. सगळे वावर न घेता पिकाच्या दोन ओळी घ्याव्यात. सगळे वाळवण न घेता एक परात घ्यावी. कर्जाच्या पैशाने पहिला प्रयोग कधीही करू नये.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. अंतर, खत आणि वाण तिन्ही एकदम बदलले, तर फरक कशामुळे पडला हे कधीच कळणार नाही. शेजारी तुलनेसाठी नेहमीच्या पद्धतीचे तितकेच पीक, तितकाच पदार्थ ठेवावा. निकाल डोळ्यांनी न ठरवता मोजून लिहावा : वजन, दिवस, खर्च, मजुरी. पहिल्या वर्षीचे यश पाऊस चांगला झाल्यामुळेही असू शकते, म्हणून किमान दुसऱ्या हंगामात ते पुन्हा दिसेपर्यंत त्याची घोषणा करू नये.

लहान मुलांच्या बाबतीत ही पायरी फार थोडक्यात सांगता येते. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या पोळ्याला, मूल मातीचा बैल स्वतः घडवत असेल, तर त्याचे पाय वाकडे झाले म्हणून मोठ्यांनी तो हाती घेऊन सुधारू नये. ‘हा उभा राहावा म्हणून काय करशील?’ एवढेच विचारून थांबावे.

आठवी पायरी : नोंद आणि श्रेय

गावात नवे काढणारे पुष्कळ असतात, परंतु त्याची तारीखवार नोंद नसल्यामुळे श्रेय आणि लाभ दुसरीकडे जातात. खोब्रागडे यांनी आणखीही वाण विकसित केले, तरी त्यांच्या कामाची राष्ट्रीय पातळीवर दखल घेतली गेली ती २००५ साली, म्हणजे पहिल्या लोंब्या दिसल्यानंतर दोन दशकांहून अधिक काळाने. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. म्हणून पहिल्या दिवसापासून वहीत तारीख घालावी, दर टप्प्याचे छायाचित्र काढावे, कोणाला नमुना दिला तर केव्हा, किती आणि कशासाठी दिला ते लिहून त्यावर घेणाऱ्याची सही घ्यावी.

बियाण्याच्या बाबतीत २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा कास्तकाराला स्वतः विकसित केलेल्या वाणाची नोंदणी करण्याचा अधिकार देतो. त्याची प्रक्रिया जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावी. अवजार, यंत्र किंवा युक्ती असेल, तर तळागाळातील संशोधकांसाठी २००० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानकडे माहिती पाठवता येते. तेथे पाठवताना वस्तूचे वर्णन, ती कोणत्या अडचणीवर काढली, आधी काय वापरत होते आणि किती फरक पडला, या चार गोष्टी मराठीत स्वच्छ लिहाव्यात आणि पाठवलेल्या कागदांची एक प्रत वहीतच चिकटवून ठेवावी.